इतक्या लवकर लस आली कशी?

(पडद्यावर : अंधार, ट्रकचे दिवे, फाटक उघडतं)

पुणे. १२ जानेवारी २०२१ची पहाट. सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकाशी पूजा होते आणि तीन शीतवाहनं विमानतळाकडे निघतात. आत कोविशिल्डची ४७८ खोकी, एकेक ३२ किलोचं.

बरोबर वर्षापूर्वी, जानेवारी २०२०मध्ये, कोरोनाच्या नव्या विषाणूची जनुकीय रचना जगापुढे आली होती. एरवी एक लस यायला दहा-दहा वर्षं जातात. मग लोकांनी विचारलंच : घाईघाईत काही गाळलं तर नाही ना?

(पडद्यावर : पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या)

खरं सांगायचं तर काम आधीपासूनच सुरू होतं. चिंपांझीला सर्दी करणारा एक विषाणू ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी असा बदलून ठेवला होता, की तो माणसाच्या शरीरात वाढूच शकत नाही. कोरोनाच्याच घराण्यातल्या मर्स आजारासाठी त्यांनी तो वापरूनही पाहिला होता. आता त्याच्यावर फक्त नव्या विषाणूच्या अंगावरच्या काट्याचं जनुक चढवायचं होतं. हा बदललेला विषाणू तो काटा बनवण्याचा निरोप पेशीपर्यंत पोचवतो, आपल्या जनुकांत मिसळत नाही. २३ एप्रिल २०२०ला पहिल्या स्वयंसेवकांना ही लस टोचली गेली. सीरमनं तीच कोविशिल्ड नावानं बनवली.

एरवी चाचण्यांच्या दोन टप्प्यांच्या मध्ये पैशांसाठी, स्वयंसेवकांसाठी, कागदांसाठी थांबावं लागतं. ते थांबणं या वेळी टळलं. चाचण्या सुरू असतानाच या बाटल्या भरायला घेतल्या होत्या. लस फसली असती, तर हा सगळा माल फेकावा लागला असता. ही जोखीम पैशांची होती.

कोव्हॅक्सिनची वाट जुनी, पोलिओच्या इंजेक्शनची. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत वेगळा केलेला विषाणू हैदराबादला गेला. भारत बायोटेकनं तो वाढवला, रसायनानं मारला, मग त्याची लस केली. तिसऱ्या टप्प्याचे निकाल येण्याआधीच तिला परवानगी मिळाली, त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. पुढे २५,८०० स्वयंसेवकांवरच्या चाचणीत ती ७७.८ टक्के परिणामकारक ठरली.

कोविशिल्डनंतर रक्ताच्या गुठळ्या झाल्याची प्रकरणंही आढळली. मे २०२१मध्ये केंद्राच्या समितीनं प्रमाण सांगितलं : दहा लाख डोसांमागे ०.६१.

(पडद्यावर : प्राथमिक आरोग्य केंद्र, सकाळ. सिस्टरचे हात)

हे नीट पाहा. फ्रीझरमधून काढलेले आईस पॅक सिस्टर लगेच लसीच्या डब्यात ठेवत नाहीत. टेबलावर मांडतात, थांबतात. मग एक उचलून कानाशी हलवतात. आत पाणी खळखळलं, की तो चालतो. ठणठणीत गोठलेला पॅक चिकटला तर लसच गोठेल, आणि गोठलेली लस वाया. दोन ते आठ अंश, ना कमी ना जास्त. कारखान्यापासून या टेबलापर्यंत असे कितीतरी हात लागले आहेत. लसीच्या सुरक्षिततेची चर्चा होते, तेव्हा हे हात कुणाला आठवत नाहीत.

बाटली उघडली, की लेबलवर पेननं वेळ. चार तासांत दहा डोस संपवायचे.

"लस घेतली की माणूस मरतो म्हणतात, खरं का गं?"

"मावशी, मी दोन्ही घेतल्यात. बाही वर करा."

(पडद्यावर : निरीक्षण खोली)

टोचल्यानंतर अर्धा तास इथेच बसायचं. जोराची ॲलर्जी येणार असेल, तर ती बहुधा याच वेळात येते. मावशी दंडावर कापूस दाबून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतायत. अजून बावीस मिनिटं आहेत.