बटण दिसतं, पण दाबलं जात नाही

(दृश्य : दादर स्टेशनचा पूल. संध्याकाळची गर्दी.)

या काकूंना सासूबाईंच्या तपासणीसाठी दवाखान्याची वेळ घ्यायची आहे. कठड्याला टेकून त्यांनी मोबाईलवर पान उघडलं. 'वेळ नक्की करा' हे बटण दिसलं. अंगठा टेकवला. काही नाही. पुन्हा टेकवला. तेवढ्यात खाली अंबरनाथ फास्ट लागली आणि सुटलीसुद्धा.

बटण बिघडलेलं नव्हतं. त्यात जीव ओतणारं जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेतलं प्रोग्रॅम, अजून पोचायचं होतं. आधी ते मोबाईलवर उतरणार, मग प्रोसेसर ते वाचणार, मग चालवणार. तयार दिसणाऱ्या पानात असा जीव ओतण्याला आम्ही डेव्हलपर हायड्रेशन म्हणतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते जाणवतच नाही. काकूंच्या स्वस्तातल्या फोनवर मात्र गाडी चुकते.

(दृश्य : जुन्या संगणकाचा पडदा.)

ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात, नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत, जावास्क्रिप्ट ही भाषा दहा दिवसांत उभी केली. तिची जागा घ्यायला पुष्कळ जण आले. व्हीबीस्क्रिप्ट आली, जावा ॲपलेट आले, फ्लॅश तर घरोघरी पोचलं आणि ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीनं त्याचा आधार काढून घेतला. गूगलनं २०११ मध्ये डार्ट ही भाषा आणली, पण क्रोममध्ये तिचं स्वतःचं इंजिन बसवायचा बेत २०१५ मध्ये सोडला.

टाइपस्क्रिप्ट मी रोज लिहितो. ती म्हणजे जावास्क्रिप्टच, वर कुठली माहिती कुठल्या प्रकारची हे सांगणारे 'टाइप' जोडलेले. तिच्याशिवाय मोठं काम अंगावर घेणार नाही. पण ब्राउझरकडे निघताना टाइप गळून पडतात आणि उरतं जावास्क्रिप्टच. सोय माझी झाली, काकूंची नाही.

(दृश्य : लालबाग. चाळीतली खोली, रात्र. लॅपटॉपशेजारी तडा गेलेला जुना फोन.)

वेबअसेम्ब्ली हा खरोखरचा दुसरा दरवाजा : इतर भाषांतला प्रोग्रॅम ब्राउझरला चालवता येईल अशा रूपात आणणारी सोय. डिसेंबर २०१९ पासून ती वेबचं अधिकृत मानक आहे. रस्ट, सी प्लस प्लस, सी शार्प यांत लिहिलेलं तिच्यातून ब्राउझरमध्ये धावतं. ब्राउझरमध्ये डिझाइन करायच्या फिग्मासारख्या जड कामाला ती हवीच. पण पानावरचा साधा मजकूर बदलायचा, तरी तिला अजून जावास्क्रिप्टची मध्यस्थी लागते. दवाखान्याच्या एका फॉर्मसाठी ती आणणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

या खोलीत बसलेला माझा मित्र दवाखान्याचा तोच फॉर्म नव्यानं लिहितोय. साध्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा सांगाडा मांडणाऱ्या भाषेत. फॉर्म सर्व्हरकडे पाठवायला ब्राउझरला जावास्क्रिप्ट कधीच लागत नव्हतं, हे आम्ही शिकलो होतो आणि विसरलो होतो. वर त्यानं एचटीएमएक्स नावाची छोटी तयार लायब्ररी जोडलीय. तीही जावास्क्रिप्टच, पण दाबून बांधल्यावर जेमतेम पंधरा-सोळा केबी. कुठली माहिती आणायची आणि पानावर कुठे ठेवायची, हे बटणाच्या टॅगमध्येच, म्हणजे एचटीएमएलमधल्या त्याच्या खुणेतच, लिहायचं. सर्व्हर एचटीएमएलचा तयार तुकडा पाठवतो.

यात एक अडचण आहेच. प्रत्येक दाबणं सर्व्हरपर्यंत जातं, म्हणून रेंज गेली की काम थांबतं. बोटानं सरकवायचा नकाशा किंवा नेटशिवाय चालणारी वही अशी होणार नाही. तिथे जावास्क्रिप्ट लिहावंच, मन लावून लिहावं.

(दृश्य : जुना फोन, जवळून.)

आता तो क्रोमच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट चक्क बंद करतो. पान उघडतो. नाव, वय, तारीख भरतो. बटणावर अंगठा टेकवतो.

पान क्षणभर कोरं होतं. मग अक्षरं उमटतात : तुमची वेळ, शुक्रवार, सकाळी साडेदहा.