७.९ सेकंदांच्या आधीची टीम

२७ मे १९९१. मिशिगनमधलं ऑबर्न हिल्स, पॅलेस स्टेडियम. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधली इस्टर्न कॉन्फरन्स फायनल, म्हणजे पूर्वेकडच्या टीम्समधली शेवटची सिरीज, तिची चौथी मॅच, शिकागो बुल्सनी सिरीज जिंकल्यात जमा आहे, घड्याळात ७.९ सेकंद उरलेत, आणि डेट्रॉईट पिस्टन्सचे खेळाडू उठतात आणि बुल्सच्या बेंचसमोरून सरळ आत निघून जातात. हात न मिळवता. बास्केटबॉलचा गंध नसलेल्यांनी पण हे फुटेज पाहिलेलं असतं, आणि बऱ्याच जणांचं मत त्या फुटेजवरच ठरलंय की ही टीम म्हणजे गुंडांची टोळी, हरायची पण दानत नाही.

मी याच टीमची फॅन आहे. डेट्रॉईटच्या आसपास, ट्रॉय, नोवाय, फार्मिंग्टन हिल्स भागात गाड्यांच्या कंपन्यांमुळे आपली मराठी माणसं खूप आहेत, त्यातलीच मी एक, आणि इथे राहून पिस्टन्सचा टीशर्ट घालून बाहेरच्या कुठल्याही शहरात गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, अरे ते बॅड बॉईज ना? हो, तेच, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी या टीमला पडलेलं नाव. आज त्यांची बाजू नीट मांडायची आहे.

सुरुवात करूया १९७९-८० पासून, कारण तिथून कुणी सुरुवात करतच नाही. ८२ मॅच, त्यातल्या १६ जिंकल्या, ६६ हरल्या. ही टीम मुळात इंडियानातल्या फोर्ट वेनची, मालक फ्रेड झोलनर यांचा पिस्टन बनवायचा कारखाना होता म्हणून नाव पिस्टन्स, आणि १९५७ ला टीम गाड्यांच्या शहरात आली. तिथे वीस-बावीस वर्षं काढली तरी एकही ट्रॉफी नाही. जॅक मॅक्लॉस्की नावाचा मॅनेजर आला आणि त्यानी अक्षरशः एकेक माणूस वेचून आणला. १९८१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स ओळीनी नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसऱ्या नंबरवर आयझेया थॉमस, शिकागोच्या वेस्ट साईडचा, नऊ भावंडांत सगळ्यात धाकटा. क्लीव्हलँडकडून बिल लॅम्बीअर. सिॲटलकडून विनी जॉन्सन. १९८५ ला अठराव्या नंबरवर ज्यो डुमार्स, मॅकनीझ स्टेट नावाच्या कॉलेजातून, जे कॉलेज फार कुणाच्या रडारवरच नव्हतं. १९८६ ला सत्ताविसाव्या नंबरवर, म्हणजे थेट दुसऱ्या फेरीत, डेनिस रॉडमन. पहिल्या नंबरचा हिरो एकही नाही बघा यात, आयझेया सोडला तर सगळे इतरांनी सोडून दिलेले किंवा उशिरा उचललेले, आणि कोच चक डेली.

आणि ही टीम सुरुवातीपासून मारामारी करणारी होती हेही खोटंय. १३ डिसेंबर १९८३, डेन्व्हरमध्ये तीन ओव्हरटाइम गेले आणि डेट्रॉईट जिंकलं १८६-१८४. एनबीएच्या इतिहासात एका मॅचमध्ये एवढे पॉइंट परत कधीच झाले नाहीत. म्हणजे धावून, बास्केट टाकून खेळायला यांना उत्तम येत होतं. फक्त तसं खेळून बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स या त्या काळच्या बलाढ्य टीम्सना हरवता येत नव्हतं.

तिथपर्यंत पोचायला काय सोसावं लागलं ते बघा. १९८७ ची इस्टर्न कॉन्फरन्स फायनल, बोस्टन गार्डन, बोस्टनविरुद्ध पाचवी मॅच. पिस्टन्स एका पॉइंटनी पुढे, पाच सेकंद उरलेत, बॉल आयझेयाच्या हातात, साइडलाइनवरून फक्त आत टाकायचाय. चक डेली टाइमआउट घे म्हणून ओरडतायत, त्या कल्लोळात ते ऐकू जात नाही, आयझेया लॅम्बीअरकडे पास देतो आणि मधे बोस्टनचा लॅरी बर्ड येतो. बर्डनी बॉल चोरला, तोल जात असतानाच डेनिस जॉन्सनला दिला, बास्केट, १०८-१०७. मग सातव्या मॅचमध्ये एकाच बॉलमागे झेपावताना ॲड्रियन डँटली आणि विनी जॉन्सनची डोकी एकमेकांवर आपटली, डँटली परत खेळूच शकला नाही, आणि सिरीज गेली.

पुढच्या वर्षी बोस्टनला हरवलं. फायनलमध्ये लेकर्सविरुद्ध ३-२ नी पुढे, चौथी मॅच जिंकली की ट्रॉफी. सहाव्या मॅचच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये आयझेयाचा घोटा मुरगळला, नीट उभं राहता येत नव्हतं, आणि त्या पायावर लंगडत त्यानी त्या एका क्वार्टरमध्ये २५ पॉइंट केले. फायनलमधला तो विक्रम आहे. मला विचाराल तर बास्केटबॉलमध्ये याहून मोठं धैर्य मी पाहिलेलं नाही. ट्रॉफी एका मिनिटावर आली होती, आणि १४ सेकंद उरलेले असताना लॅम्बीअरवर फाऊल दिला गेला, करीम अब्दुल-जब्बारच्या शॉटवर. रिप्ले शंभरदा बघा, फाऊल सापडत नाही. करीमनी दोन्ही फ्री थ्रो टाकले, १०३-१०२. सातवी मॅच तीन पॉइंटनी गेली. यानंतर कुणी डेट्रॉईटची माफी मागितली नाही, आणि डेट्रॉईटनी रडगाणंही गायलं नाही, ते पुढच्या सीझनमध्ये ६३ मॅच जिंकले आणि लेकर्सना ४-० नी हरवून ट्रॉफी घेऊन आले. मॅजिक जॉन्सन आणि बायरन स्कॉट जखमी होते, मान्य, पण मग आयझेयाचा घोटा पण मोजा ना.

आता धक्काबुक्कीचं. होती. लॅम्बीअर मुद्दाम लागेल असं खेळायचा, रिक महॉर्न अंगावर जायचा, काही फाऊल असे होते की आज बघताना मलाही आवडत नाहीत, आणि १९८७ ला रॉडमन बर्डबद्दल जे बोलला, की तो गोरा आहे म्हणून त्याचा एवढा उदोउदो होतो, आणि आयझेयानी त्याला दुजोरा दिला ते बोलायला नकोच होतं. पण त्याच सिरीजमध्ये बोस्टनच्या रॉबर्ट पॅरिशनी लॅम्बीअरला भर मॅचमध्ये ठोसे मारून खाली पाडलं आणि त्या वेळी साधा फाऊलसुद्धा दिला गेला नाही, एका मॅचची बंदी नंतर आली. त्या काळात सगळीच लीग तशी खेळायची. बोस्टननी केलं तर तो जिद्दी खेळ आणि डेट्रॉईटनी केलं तर गुंडगिरी, हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. शिवाय बॅड बॉईज या नावावर लीगनीही माल विकलाच की.

आणि शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनला अडवायच्या ज्या डावपेचांना जॉर्डन रूल्स म्हणतात ते निव्वळ मारणं नव्हतं. कबड्डीत रेडर आत आला की त्याला कुठल्या कोपऱ्यात ढकलायचं आणि साखळी कुठून बंद करायची हे जसं आधी ठरलेलं असतं, तसंच हे होतं. जॉर्डन मधोमध असला की त्याला डावीकडे जायला भाग पाडायचं आणि तिथे दुसरा माणूस अंगावर पाठवायचा, उजव्या बाजूला असला तर दुसरा माणूस जरा उशिरा. पहिल्या माणसाचं काम बहुतेक वेळा डुमार्सकडे, आणि डुमार्स ते बिनबोभाट करायचा. पाचही जणांना आपली जागा पाठ असल्याशिवाय हे जमत नाही. १९८८, ८९, ९० अशी तीन वर्षं ओळीनी जॉर्डन इथेच अडकला, मग तो वजनं उचलून अंग कमवायला लागला.

डुमार्सचं अजून सांगायचंय. १० जून १९९०, पोर्टलँडमध्ये फायनलची तिसरी मॅच. त्या दिवशी मॅचच्या आधी त्याचे वडील वारले. मॅच चालू असताना असं काही झालं तर संपेपर्यंत मला सांगू नका, असं त्यानी बायकोला आधीच सांगून ठेवलं होतं. चक डेलींना माहीत होतं, डुमार्सला नाही. तो ३३ पॉइंट करून मॅच जिंकून बाहेर आला तेव्हा त्याला फोन दिला गेला. पाचव्या मॅचमध्ये ०.७ सेकंद शिल्लक असताना विनी जॉन्सननी बास्केट टाकली आणि सलग दुसरी ट्रॉफी आली. एनबीए दरवर्षी सगळ्यात सभ्य खेळाडूला ट्रॉफी देते, तिला आज नाव आहे ज्यो डुमार्स ट्रॉफी. गुंडांच्या टोळीतल्या माणसाचं.

तर त्या न मिळवलेल्या हातांबद्दल. मिळवायला हवे होते. डुमार्सनी मिळवले, जॉन सॅलीनी मिळवले, पण ते सांगत कुणी नाही. आणि १९८८ ला डेट्रॉईटनी बोस्टनला हरवलं तेव्हा बोस्टनचे खेळाडूही मॅच संपायच्या आधीच आत गेले होते, केव्हिन मॅकहेल तेवढा आयझेयाशी दोन शब्द बोलून गेला. पब्लिक कोर्टवर घुसायच्या बेतात होतं हे खरं. पण त्या फुटेजवरून कुणी बोस्टनला तीस वर्षं ऐकवलं नाही.

शिक्षा कुणाला झाली ते बघा. १४ डिसेंबर १९९१ ला युटाच्या कार्ल मलोननी आयझेयाच्या कपाळावर कोपर मारलं, डोळ्याच्या वर चाळीस टाके पडले. मलोनला एका मॅचची बंदी आणि दंड. पुढच्या उन्हाळ्यात बार्सिलोना ऑलिम्पिकला अमेरिकेची ड्रीम टीम, म्हणजे एनबीएच्या स्टार खेळाडूंची टीम, गेली, त्यात मलोन होता. कोच होते चक डेली, म्हणजे बॅड बॉईजचेच कोच. दोन चॅम्पियनशिप आणि १९९० च्या फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचा किताब, नावावर असलेला आयझेया थॉमस मात्र नव्हता. त्या बारा जणांत एक जागा कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या ख्रिश्चन लेटनरला दिली होती. लेटनर चांगला खेळाडू होता, त्याच्यावर राग नाही, पण ती जागा आयझेयाची होती आणि हे मी समोर कुणीही असलं तरी म्हणणार.