मोयेस पास की नापास?

(दृश्य : टिळकवाडी, लेले ग्राउंड. सराव आटपून पोरं बूट सोडत बसलीत.)

बेळगावात फुटबॉलचं वारं दोन्हीकडून येतं. एका अंगाला कोल्हापूर आणि तिथले तालमींचे संघ, दुसऱ्या अंगाला चोर्ला घाट उतरला की गोवा. टीव्हीसमोर मात्र जीव अडकतो तो इंग्लंडात. मँचेस्टर युनायटेड, लिव्हरपूल, आर्सेनल यांचे चाहते गल्लोगल्ली सापडतात. एव्हर्टनचा शोधावा लागतो. तरीही ११ जानेवारी २०२५ ला डेव्हिड मोयेस एव्हर्टनच्या मॅनेजरपदी परतले आणि चहाच्या गाड्यावर एक जुना वाद नव्याने पेटला. त्यांची पहिली कारकीर्द यशस्वी होती का?

"अकरा वर्षांत एक कप दाखव की गा!"

"कप सोड, त्याच्या आधी टीम कुठं होती ते बघ की."

हा वाद बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटाला रुळावरून घसरतो, आणि घसरवतात ते युनायटेडवाले. २०१३-१४ मध्ये मोयेस त्यांच्याकडे होते, हंगाम संपायच्या आत त्यांना काढलं, ती जखम अजून ओली आहे. पण तो हिशेब युनायटेडचा. इथला कालखंड मार्च २००२ ते मे २०१३ एवढाच.

आता आधीचे आकडे. १९९५ चा एफए कप (इंग्लंडमधली हरला की बाहेर अशी कप स्पर्धा) सोडला तर एव्हर्टनची नव्वदीची दुसरी बाजू वाईटच गेली. १९९३-९४ पासून लीगमधले क्रमांक असे : १७, १५, ६, १५, १७, १४, १३, १६, १५. या नऊ हंगामांत पहिल्या आठात फक्त एकदा. १९९८ मध्ये तर संघ केवळ गोलफरकावर रेलिगेशनपासून, म्हणजे खालच्या विभागात ढकललं जाण्यापासून, वाचला. मोयेस आले ते असाच संघ रेलिगेशनच्या काठावर असताना. फुलहॅमविरुद्धच्या पहिल्या मॅचमध्ये पहिलं मिनिट सरायच्या आत डेव्हिड अन्सवर्थने गोल केला, मॅच २-१ ने जिंकली आणि संघ लीगमध्ये टिकला.

(दृश्य : वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर बॉलपेनने आकड्यांची ओळ लिहिली जाते.)

पुढचे अकरा पूर्ण हंगाम : ७, १७, ४, ११, ६, ५, ५, ८, ७, ७, ६. म्हणजे नऊ वेळा पहिल्या आठात. ओळीतल्या १७ वर जरा थांबा. २००३-०४, फक्त ३९ पॉइंट, आणखी एक पायरी घसरली असती तर संघ खालच्या विभागात. त्याच उन्हाळ्यात अठरा वर्षांचा वेन रूनी दोन कोटींहून जास्त पौंडांना युनायटेडला विकला गेला. आता संपलं, असं सगळ्यांनी धरलं. पण संघ चौथा आला, ६१ पॉइंट घेऊन, लिव्हरपूलच्या वर. गंमत म्हणजे गोल केले ४५ आणि खाल्ले ४६. एका गोलाने मॅच जिंकायची आणि हरताना मात्र मोठं हरायचं, असा तो हंगाम. त्याला योगायोग म्हणणारे आहेत. पण योगायोग सलग सात हंगाम पहिल्या आठात टिकत नाही, आणि २००६-०७ पासून मोयेस जाईपर्यंत नेमकं तेच झालं.

पैशाचं गणितही याच खात्यात मांडायला हवं. मिलवॉलकडून टिम केहिल, विगनकडून लेफ्ट बॅक लेटन बेन्स, शेफील्ड युनायटेडकडून फिल जॅगिएल्का, सगळे बड्या क्लबांच्या मानाने स्वस्तात. शेमस कोलमन आयर्लंडच्या स्लायगो रोव्हर्सकडून अवघ्या ६० हजार पौंडांत आला आणि पुढे कॅप्टन झाला. डिफेंडर जोलियन लेस्कॉट सुमारे ५० लाखांना घेतला, तीन वर्षांनी मँचेस्टर सिटीला दोन कोटींहून जास्त किमतीला दिला. घ्यायचं, घडवायचं, विकायचं आणि त्यातून पुढचा घ्यायचा. या कसोटीवर मोयेस पास, यात शंका घ्यायला जागाच नाही.

विरुद्ध बाजूचा मुद्दा मात्र "कप नाही" एवढ्यावर मांडला तर दुबळा पडतो. कप हुकतात. २००९ च्या एफए कप सेमीफायनलमध्ये युनायटेडला पेनल्टीवर हरवलं. फायनलमध्ये लुई साहाने २५ व्या सेकंदाला गोल केला, तरी चेल्सीने २-१ ने घेतली. त्या दिवशी आर्टेटा, जॅगिएल्का आणि याकुबू तिघेही दुखापतीने बाहेर होते. त्याचा दोष मॅनेजरच्या माथी मारता येत नाही. तसंच २००५ चं. चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत विलारिआलशी १-१ असताना डंकन फर्ग्युसनचा हेडर जाळ्यात गेला आणि पंच पिएरलुइजी कोलिना यांनी तो रद्द केला. बेळगावातला एव्हर्टनवाला अजून कोलिनाचं नाव नीट घेत नाही.

दोष दिसतो तो जिंकण्यासारख्या मॅचमध्ये. जानेवारी २००३, एफए कप : चौथ्या स्तराच्या विभागातल्या श्रूजबरीकडून २-१ ने हार. फेब्रुवारी २०११ मध्ये चेल्सीला त्यांच्याच मैदानावर पेनल्टीवर बाहेर काढलं आणि दहा दिवसांत घरच्या गुडिसन पार्कवर खालच्या विभागातल्या रेडिंगकडून १-० ने हरले. मार्च २०१३ मध्ये पुन्हा गुडिसन, क्वार्टर फायनल, समोर विगन. चार मिनिटांच्या आत तीन गोल खाल्ले. विगनने पुढे तो कप उचलला, हे जखमेवर मीठ.

आणि दुसरा दोष मोठा. ओल्ड ट्रॅफर्ड, अ‍ॅनफिल्ड, स्टॅमफर्ड ब्रिज (अनुक्रमे युनायटेड, लिव्हरपूल आणि चेल्सीची मैदानं) आणि आर्सेनलचं मैदान. अकरा पूर्ण हंगाम, दर हंगामाला चार, अशा लीगच्या ४४ मॅच. विजय शून्य. संघात दम नव्हता म्हणावं, तर २०१० मध्ये मार्चला आणि पुन्हा डिसेंबरला मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन जिंकले, आणि गुडिसनवर या चौघांनाही हरवलं.

मग अडायचं कुठं? शेवटच्या काही वर्षांत एव्हर्टनचा निम्मा हल्ला डाव्या बाजूने चढायचा. स्टीव्हन पिनार बॉल घेऊन आत वळायचा, बेन्स त्याच्या बाहेरून पळत वर यायचा, क्रॉस पडायचा आणि पेनल्टी बॉक्समध्ये उशिरा घुसणारा केहिल किंवा फेलायनी डोकं लावायचा. त्या चार मैदानांवर मोयेस मधली फळी मागे ओढत. मग पिनार स्वतःच्याच लेफ्ट बॅकच्या मदतीला उतरे, बेन्स मध्यरेषा ओलांडायला बिचके आणि पुढे एकटा स्ट्रायकर लांबून आलेले बॉल छातीवर झेलत बसे. बरोबरी वाचवायला खेळायचं आणि ऐंशीव्या मिनिटाला एक खायचा. आमच्या मते पहिल्या कारकिर्दीवरचा खरा आरोप हाच.

या आरोपाला पुरावाही आहे, आणि तो मोयेस गेल्यावर लगेच मिळाला. २०१३-१४ मध्ये रॉबर्टो मार्टिनेझ यांनी बहुतांश तोच संघ, जोडीला लोनवर (उसने) लुकाकू आणि बॅरी घेऊन ७२ पॉइंट काढले. मोयेस यांचा सर्वोच्च आकडा ६५. शिवाय डिसेंबर २०१३ मध्ये एव्हर्टन ओल्ड ट्रॅफर्डवर १-० ने जिंकलं. त्या दिवशी समोरच्या बाकावर मोयेसच होते! यावर गाड्यावरचे काका लोक लगेच म्हणतात, "पुढची दोन वर्षं पण सांग की." तेही खरं. मार्टिनेझ यांचे पुढचे दोन्ही हंगाम अकराव्या क्रमांकावर संपले. मोयेस यांनी बांधलेला बचाव म्हातारा झाला आणि नवा कुणी बांधला नाही.

(दृश्य : रात्रीचे दीड. एका घरात आवाज बंद करून मॅच लावली आहे.)

आता परतीची गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये संघ सोळावा होता, १९ मॅचमध्ये १७ पॉइंट. उरलेल्या १९ मध्ये ३१ मिळवून तेरावा आला. मग २४ नोव्हेंबर २०२५, सोमवार. आपल्याकडे मंगळवार उजाडून दीड तास झालेला. ओल्ड ट्रॅफर्डवर तेराव्या मिनिटाला एव्हर्टनच्या इद्रिसा गाना गेये याने आपल्याच संघातल्या मायकेल कीनला थप्पड लगावली आणि लाल कार्ड घेतलं. दहा जणांनी डुजबरी-हॉलच्या गोलवर मॅच १-० ने काढली. पाहुणे मॅनेजर म्हणून मोयेस यांचा तिथला लीगमधला हा पहिला विजय.

दुसऱ्या दिवशी पहिल्या कारकिर्दीचे वकील उड्या मारत आले. पण ४४ मधला शून्य त्याने पुसला जात नाही. हा विजय दुसऱ्या खात्यात जमा होतो. एव्हर्टनमध्येच याचा दाखला आहे. हॉवर्ड केंडल यांनी पहिल्या खेपेला १९८५ आणि १९८७ ची लीग जिंकली. पुढे दोनदा परतले, दोन्ही वेळा संघ गडगडला, म्हणून १९८५ ची ट्रॉफी कुणी काढून घेतली नाही. उलट्या बाजूचा दाखला खुद्द मोयेस यांचा : वेस्ट हॅममध्ये पहिल्या खेपेला सहा महिने, तेरावा क्रमांक, करार वाढवला नाही. दुसऱ्या खेपेला २०२३ ची युरोपा कॉन्फरन्स लीग. त्या कपामुळे पहिले सहा महिने थोर ठरत नाहीत.

लीगमध्ये पास, बड्यांच्या घरी नापास, असा निकाल दिला की दोन्ही बाजू आपल्यावर तुटून पडतात. कपवाला म्हणतो, गुण फार दिलेस. टेबलवाला म्हणतो, ६० हजारांच्या कोलमनचे वेगळे गुण कुठं धरलेस?