लेखाची चर्चा लेखापाशी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर एका तरुण सभासदाने जात्यावरच्या ओव्यांविषयी लेख लिहिला होता. एका ओवीतल्या ‘वैरण’ या शब्दाचा अर्थ त्याने गुरांचा चारा असा धरला आणि त्यावर एक सबंध परिच्छेद उभा केला. तिसऱ्या दिवशी त्या लेखाखाली जर्मनीत राहणाऱ्या एका मराठी बाईंची प्रतिक्रिया आली. दळताना आपण जात्याच्या तोंडात मूठमूठ दाणे घालतो, त्या एका घासालाही वैरणच म्हणतात, आणि ओवीतली वैरण ती आहे, असे त्यांनी लिहिले होते. विशेष म्हणजे त्या बाई आमच्या संकेतस्थळावर आल्याच नव्हत्या. त्यांनी मास्टोडॉन या समाजमाध्यमावरच्या आपल्या खात्यात लेख वाचला, तिथेच उत्तर लिहिले, आणि ते आपोआप आमच्याकडे, मूळ लेखाखाली, येऊन बसले. हे अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या ज्या प्लगइनमुळे, म्हणजे संकेतस्थळाला नवी सोय जोडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे घडले, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

संकेतस्थळावरचा मजकूर समाजमाध्यमांवर पोहोचवण्याची सोय काही नवी नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने आपले ‘लाइक’चे बटण इतरांच्या संकेतस्थळांना खुले केले. त्याही आधीपासून अ‍ॅडधिससारख्या सेवा निरनिराळ्या माध्यमांची बटणे एका ओळीत मांडून फुकट देत असत. ही बटणे दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येत, त्यामुळे वाचकाने ती दाबली नाहीत तरी लेख उघडताक्षणी त्याच्या भेटीची नोंद तिकडे होऊ शकत असे. जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये यावर साधा उपाय काढला: पहिल्या क्लिकला बटण जागे होईल आणि दुसऱ्या क्लिकला मजकूर शेअर होईल, पहिल्या क्लिकपूर्वी बाहेर काहीही जाणार नाही. पुढे जुलै २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने कपडे विकणाऱ्या एका संकेतस्थळाच्या खटल्यात असा निर्णय दिला की, असे बटण बसवणारा संकेतस्थळाचा मालकही वाचकांची माहिती गोळा करून पाठवण्याला संयुक्तपणे जबाबदार ठरतो. अ‍ॅडधिस २०१६ मध्ये ओरॅकलने विकत घेतली आणि ३१ मे २०२३ रोजी ती बंद झाली.

माझ्या मते या बटणांची त्याहून मोठी उणीव अशी होती की, ती लेख बाहेर नेत, पण त्यावरचे बोलणे परत आणत नसत. दिवाळी अंकातला लेख कोणी शेअर करावा, त्याखाली जाणकारांनी भरभरून लिहावे, आणि लेखकाला व संपादकाला त्याचा पत्ताही लागू नये, हे आपल्याकडे सर्रास घडते. वाचकांच्या पत्रव्यवहारावर वाढलेल्या आपल्या नियतकालिकांच्या परंपरेत मला हे नुकसान फार मोठे वाटते.

अ‍ॅक्टिव्हिटीपब हा त्यावरचा उपाय आहे. निरनिराळ्या सर्व्हरांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम त्यात आहेत, आणि वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये त्यांना मान्यता दिली. ऑयगेन रोख्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेले मास्टोडॉन याच नियमांनी चालते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर नाराज झालेले अनेक भारतीय तिकडे गेले, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांनी ते नाव पहिल्यांदा ऐकले. संकेतस्थळे चालवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीसाठी या नियमांचे प्लगइन मॅथिआस फेफर्ले यांनी लिहिले. मार्च २०२३ मध्ये ऑटोमॅटिक या कंपनीने ते आपल्याकडे घेतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्डप्रेस डॉट कॉम या तिच्या सेवेवरच्या संकेतस्थळांनाही ही सोय मिळाली.

प्लगइन बसवले की संकेतस्थळाला ईमेलसारखा एक पत्ता मिळतो. तो रोमन लिपीत ठेवणेच सोयीचे. मास्टोडॉनवरचा कोणीही वाचक तो पत्ता शोधून आपल्याला फॉलो करू शकतो, आणि नवा लेख त्याच्या टाइमलाइनवर आपोआप जातो. त्याचे उत्तर आपल्याकडे प्रतिक्रिया म्हणून येते, आणि लेखकाने संकेतस्थळावरून दिलेले प्रत्युत्तर त्या वाचकापर्यंत पोहोचते. अलीकडे यात आणखी सोयी आल्या आहेत. लेख कोणी पसंत केला आणि कोणी पुढे पाठवला, हे लेखाखालीच दाखवता येते, आणि दुसरीकडच्या एखाद्या नोंदीला आपल्या संकेतस्थळावरून उत्तरही देता येते.

बसवताना आमची एक फजिती झाली, ती सांगितली तर इतरांचा वेळ वाचेल. एका सकाळी एका सभासदाला लेखाऐवजी महिरपी कंस आणि अवतरणचिन्हे यांनी भरलेला अगम्य मजकूर दिसला. एकाच पत्त्यावरून माणसाच्या ब्राउझरला वाचण्याजोगे पान आणि मास्टोडॉनच्या सर्व्हरला यंत्राने वाचायचा मजकूर द्यावा लागतो. पाने साठवून ती झटपट देणारे आमचे दुसरे प्लगइन हा भेद करत नव्हते, आणि यंत्रासाठीची प्रत त्याने माणसाच्या हाती दिली होती. त्याची मांडणी बदलून साठवलेली पाने पुसली, तेव्हा सारे सुरळीत झाले.

आणखी एक गोष्ट लेखकांना आधीच सांगून ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लेखाच्या प्रती इतरांच्या सर्व्हरवर जातात. आपण लेख काढून टाकला तर त्या पुसण्याची सूचना जाते, पण ती पाळली जाईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ज्या मजकुरात कोणाच्या घरातल्या गोष्टी आहेत, तो प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही आता लेखकाला हे स्पष्ट सांगतो आणि त्याची संमती घेतो.

दुरुस्तीही अशीच सगळीकडे जाते. आमच्या तरुण सभासदाने ‘वैरण’चा अर्थ सुधारला, तेव्हा बदललेला लेख फॉलो करणाऱ्यांकडे पोहोचला आणि आणखी काही जण बोलू लागले. आज त्या एका शब्दावर लेखाखाली सात प्रतिक्रिया आहेत. त्यांतल्या दोन आमच्या वाचनालयाच्या टेबलाशी बसून लिहिलेल्या आहेत, पाच बाहेरून आलेल्या आहेत, आणि आधणात तांदूळ घालण्यालाही ‘वैरणे’ म्हणतात, ही माहिती त्या पाचांतल्याच एकीत आहे.