जहाज तळातून मरतं

(नाशिकमध्ये गोदाकाठी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला पूर आला की आपण एकच विचारतो, पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? आज मी जहाजांकडे याच नजरेनं बघायला सांगणार आहे. तोफा, डोलकाठ्या, झेंडे सगळ्यांना दिसतात. मला बोलायचंय ते पाण्याखालच्या अंगाबद्दल.

आपल्या गावाला शस्त्रांचं नवल नाही. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, ओझरला मिग विमानं घडली. विमान निवृत्त झालं की चौथऱ्यावर चढवता येतं, तोफ चौकात ठेवता येते. पंचवीस-तीस हजार टनांची बॅटलशिप, म्हणजे मोठ्या तोफांची चिलखती युद्धनौका, कुठल्या चौकात ठेवणार? ती पाण्यातच राहते, आणि पाणी तिला रोज थोडं थोडं खातं.

मी नौदलात बारा वर्षं काढली. सुरुवातीला हातात चिपिंगची हातोडी आली. पत्र्यावरचा गंज ठोकून काढायचा, ब्रशनं घासायचा, मग रंग लावायचा. लाल पापुद्रे पायाशी भाजलेल्या पापडाच्या तुकड्यांसारखे पडायचे. आमचे उस्ताद म्हणायचे, "मडकं घेताना वाजवून घेतोस ना? तसाच पत्रा वाजव." चांगला पत्रा खणखणतो, आतून खाल्लेला बद्द बोलतो. एकदा असा बद्द आवाज आला, मी पुन्हा ठोकलं आणि हातोडी आरपार गेली. टाकी रिकामी होती म्हणून निभावलं. वरचा रंग मात्र कालच दिल्यासारखा चकचकीत होता.

पाण्याच्या रेषेपाशी पत्रा सगळ्यात लवकर झिजतो, कारण तिथे खारं पाणी आणि हवा आळीपाळीनं लागतात. पाण्याखालच्या पत्र्यासाठी तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त आधी झिजतं आणि पोलाद वाचतं. पण ठोकळे संपले की बदलावे लागतात, आणि त्यासाठी जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे सुक्या गोदीत घ्यावं लागतं. नोकरीत असताना हे ठरलेल्या वेळी होतं. निवृत्त जहाजावर खलाशी नसतात, आणि गोदीचं भाडं कोण भरणार हा प्रश्न उरतो.

अमेरिकेची बॅटलशिप 'टेक्सास' १९१४ साली नौदलात आली. दोन्ही महायुद्धं तिनं पाहिली आणि १९४८ मध्ये ती संग्रहालय झाली. लोक येत, तोफांपाशी उभे राहून फोटो काढत. खाली तळ गळत होता. गळती वाढत वाढत मिनिटाला सुमारे दोन हजार गॅलनवर, म्हणजे साडेसात हजार लिटरवर गेली. आपल्याकडे उन्हाळ्यात वस्तीवर येतो तसा पाण्याचा एक टँकर दर मिनिटाला जहाजात शिरतोय असं समजा. पंप चालू म्हणून जहाज तरंगत होतं. अखेर २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिला ओढून गॅल्व्हेस्टनच्या गोदीत नेलं आणि सडलेलं पोलाद कापून नवं बसवलं.

जपाननं दुसरी वाट धरली. रशियाविरुद्धच्या १९०५ च्या त्सुशिमाच्या लढाईत जपानचे ॲडमिरल तोगो ज्या 'मिकासा' बॅटलशिपवर होते, ती योकोसुकाला काँक्रीटमध्ये पक्की बसवली आणि १९२६ मध्ये स्मारक म्हणून खुली केली. तरंगायचंच नाही, मग बुडण्याचा धोका कुठला? पण दुसऱ्या महायुद्धानंतर तिचे हाल झाले. तोफा गेल्या, वरचा भाग गेला, डेकवर नाचगाण्याचा अड्डा आणि मत्स्यालय आलं. तिला परत उभी करण्यासाठी पैसा आणि शब्द खर्च करणाऱ्यांत होते अमेरिकेचे ॲडमिरल निमित्झ, त्याच महायुद्धात जपानला हरवणारे! तरुणपणी ते तोगोंना भेटले होते, तो आदर त्यांनी जपला. त्याच सुमारास चिलीची एक जुनी बॅटलशिप भंगारासाठी जपानात आली होती. तिचे काही भाग 'मिकासा'ला मिळाले. १९६१ मध्ये 'मिकासा' पुन्हा खुली झाली. एका मरत्या जहाजानं दुसऱ्याला अवयव दिले, हे मला फार हलवून जातं.

अमेरिकेची 'नॉर्थ कॅरोलायना' ही बॅटलशिप वाचवण्यासाठी तर त्याच नावाच्या राज्यातल्या सुमारे सात लाख शाळकरी मुलांनी चिल्लर गोळा केली. आज अमेरिकेकडे अशा जपलेल्या आठ बॅटलशिप आहेत. आणि समुद्रावर राज्य केलेल्या ब्रिटनकडे? एकही पोलादी बॅटलशिप नाही. शेवटची 'व्हॅनगार्ड' १९६० मध्ये तोडायला गेली.

आपल्याकडे बॅटलशिप कधी नव्हती, पण 'विक्रांत' होती. विमानवाहू नौका. १९७१ मध्ये तिच्यावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली आणि काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. मी मुलाला घेऊन गेलो होतो. तो डेकवर धावत सुटला, मी वाकून पाण्याची रेषा बघत राहिलो. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणानं ती बंद झाली, २०१४ मध्ये लिलावात सुमारे ६० कोटींना गेली आणि तोडली. लोक म्हणतात, सरकारनं विकली. माझं मत वेगळं आहे. ती विकली जायच्या कितीतरी आधी हातची गेली होती, कारण तिच्या तळासाठी दरवर्षी लागणाऱ्या पैशांची सोय पहिल्या दिवशी कुणीच केली नव्हती. वाड्याची कौलं दरवर्षी मे महिन्यात चाळावी लागतात, एकदाच चाळून भागत नाही. जुन्या नाशकात हे मी कुणाला सांगायला नको.

मुंबईलाच जहाजं बांधणाऱ्या वाडियांच्या हातून १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली सागवानी युद्धनौका 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला जिवंत आहे. सागवानातलं तेल खिळ्यांना गंज चढू देत नाही, ही आपल्या लाकडाची किमया. पण तीही दुरुस्त करून घ्यावीच लागली.

तुमच्यापैकी कुणी विशाखापट्टणमला गेलात तर 'कुरसुरा' पाणबुडी पाहाच. २००२ पासून ती किनाऱ्यावर, पाण्याबाहेर बसवलेली आहे. आत माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. टॉर्पेडो बघून झाले की त्यांच्यापैकी एकाला हळूच बाजूला घ्या आणि विचारा, "दादा, खालचा पत्रा शेवटचा कधी वाजवून पाहिला?" बघा, त्यांचा चेहरा कसा खुलतो.