एक बटे दो अधिक एक बटे तीन

नमस्कार मंडळी. रामबागेतल्या माझ्या घरी संध्याकाळी पाच-सहा मुलं शिकायला येतात, शाळेतल्या नोकरीतून रिटायर झाल्यापासून माझा हाच उद्योग. परवा नववीतल्या एकाला गणित घातलं, एक बटे दो अधिक एक बटे तीन. आपली मराठी पोरंसुद्धा आकडे हिंदीतच बोलतात, इंदूर आहे, चालायचंच. त्याने झटकन लिहिलं, दोन बटे पाच. वरचे वर, खालचे खाली, झालं! मी आतून पोळी आणली, अर्धी त्याच्या हातात दिली नि विचारलं, यात अजून एक तुकडा घातला तर पोळी वाढेल की कमी होईल? म्हणाला, वाढेल ना काकू. मग म्हटलं तुझं उत्तर तर अर्ध्याहून पण कमी आलंय रे. बघतच राहिला. मुलगा ढ नाहीये हो, घरचा मिक्सर खोलून परत जोडतो. आणि पाचवीपासून प्रगतिपुस्तकात गणिताला ए ग्रेड!

आता लोक लगेच 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यावर घसरतात, आठवीपर्यंत नापासच करायचं नाही म्हटल्यावर पोरं कशाला अभ्यास करतील वगैरे. मला ते अर्धवट वाटतं. जुना जमाना मी पाहिलाय, सहावीत दोनदा नापास झालेली मुलगी तिसऱ्या वर्षी शाळेत दिसायचीच नाही, घरचे स्थळं बघायला लागलेले असायचे. नापास करून तिला गणित आलं होतं का? कायद्यात 16 वं कलम नापास करू नका म्हणत होतं, तसं 29 वं कलम मुलाला काय समजलंय ते सतत तपासत राहा असंही म्हणत होतं, म्हणजे पोर जिथे अडलं तिथेच त्याला सोडवायचं. आपण पहिलं घेतलं कारण ते सोपं, आणि दुसऱ्याच्या फायली झाल्या. खजुरी बाजारातून चार्टपेपर नि थर्माकोल आणायचा, आईने रात्री जागून प्रोजेक्ट करायचा, मार्क पोराला. मी पण दिलेत असे मार्क, खोटं कशाला बोलू, वरून सांगितलेलं असायचं की रिझल्ट खाली यायला नको.

मग दहावीला आपल्या एमपी बोर्डात काही वर्षं बेस्ट ऑफ फाइव्ह होतं, सहातले पाच विषय निघाले की पास. पोरं हुशार, सप्टेंबरमध्येच ठरवायची की गणित सोडायचं, आणि घरचे पण म्हणायचे जाऊ दे, पास तर होतोय. आता ते बंद झालंय.

गावाकडची गत बघायची तर 2024 चा असर रिपोर्ट आहे, म्हणजे घरोघर जाऊन मुलांचं वाचन नि गणित तपासणारी पाहणी, त्यात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचता येणारी निम्मी पण नाहीत, 48.8 टक्के. दुसरीचा उतारा म्हणजे काय, छोटीशी सोपी गोष्ट!

2019 मध्ये कायदा बदलला, पाचवी-आठवीची परीक्षा परत आली, नापास झालं तर दोन महिन्यांत पुन्हा संधी आणि तरी नाही जमलं तर राज्याने ठरवलं तर त्याच वर्गात. ठीक आहे, पण ते दोन महिने येतात एप्रिल-मेमध्ये, जेव्हा अर्धं इंदूर लग्नात नि उरलेलं मामाच्या गावी असतं. वर्षभर ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही त्याला त्या उन्हात शिकवणार कोण, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या मुलाचा धाकटा भाऊ यंदा पाचवीत आहे. काल त्यांच्या आईचा व्हॉट्सअ‍ॅप आला, काकू, पाचवीचे इम्पॉर्टंट क्वेश्चन पाठवाल का, नाहीतर गेस पेपर तरी. मी लिहिलं, उद्या पाचला त्यालाच पाठव, गाइड घरी ठेव, आणि येताना एक पोळी आणू दे.