वाढणे, वाढवणे आणि भायखळ्याची एक सकाळ

(दृश्य: सकाळ. राणीची बाग, रोपांच्या पिशव्यांची ओळ.)

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. आज तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे असले, तरी टॅक्सीवाल्यापासून आजोबांपर्यंत सगळे तिला राणीची बागच म्हणतात. पेंग्विन पाहायला येणाऱ्या मुलांची रांग लागायला अजून अवकाश आहे. एका कोपऱ्यात माळी काळी पिशवी आडवी धरून तिचे बूड अंगठ्याने हळूहळू दाबतो आहे. माती मुळांना धरून राहिली तर गड्डा अखंड बाहेर येतो. ती सुटली तर मुळे उघडी पडतात आणि रोप दुपारपर्यंत मान टाकते. गड्डा कुंडीत बसतो, कडेने माती दाबली जाते, झारीचे पाणी पानांवर न पडता बुंध्याशी पडते, आणि मग माळी म्हणतो, ‘आठवड्यात जीव धरील.’

‘वाढेल’ असे तो म्हणत नाही, कारण वाढ ही त्याच्या दृष्टीने पुढची गोष्ट आहे. आधी रोप रुजते, जीव धरते, त्याला फुटवा येतो, आणि त्यानंतरच ते वाढते. या प्रत्येक पायरीला मराठीत वेगळे क्रियापद आहे, आणि आपण मात्र हल्ली ‘वाढवणे’ या एकाच क्रियापदावर सगळे भागवू लागलो आहोत.

(दृश्य: शब्दकोशाचे जीर्ण पान, बोटाखाली नोंद.)

याच भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यातून १८५७ साली जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती बाहेर पडली. ‘वाढणे’ हे क्रियापद संस्कृत ‘वृध्’ या धातूपासून, प्राकृताच्या वाटेने आपल्याकडे आले. वृद्धी आणि वर्धापनदिन ही त्याच घराण्यातली संस्कृत मंडळी, तर वाढ आणि वाढदिवस ही घरची माणसे. ‘वृद्ध’ हा शब्दही तिथलाच आहे. आपण ज्यांना थकलेले समजतो, त्यांना भाषा ‘वाढलेले’ म्हणते.

(दृश्य: लालबागमधील खानावळ, दुपारची पहिली पंगत.)

या क्रियापदाचा सर्वांत देखणा अर्थ मात्र पानावर दिसतो. मिठाची चिमूट, लिंबाची फोड, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मधोमध भाताची मूद आणि तिच्यावर वरणाची धार. वाढपी कमरेत वाकतो, डाव्या हाताने भांडे तोलतो आणि जेवणाऱ्याचा तळवा पानावर आडवा येईपर्यंत वाढत राहतो. ‘मुलगी वाढते आहे’ या वाक्यात ती उंच होते आहे की पंगतीला भाजी घालते आहे, हे नुसत्या वाक्यावरून कळत नाही. भूतकाळात मात्र व्याकरण मदतीला येते: ‘मुलगी वाढली’ म्हणजे मोठी झाली, आणि ‘मुलीने भाजी वाढली’ म्हणजे पानात घातली. ‘ने’ या एका प्रत्ययाने गोंधळ मिटतो. ‘माई, भिक्षा वाढ’ अशी दारावरची हाक होती, तीही याच अर्थाची. आपल्या भांड्यातले कमी होते तेव्हा दुसऱ्याच्या पानातले वाढते, हे या क्रियापदाने फार पूर्वी हेरले असावे, असे निदान मला वाटते.

(दृश्य: नव्या दुकानाचे उद्घाटन. दगडावर नारळ.)

पहिल्या घावाने नारळ फुटत नाही, दुसऱ्यानेही नाही. तिसऱ्या घावाला पाणी शटरवर उडते आणि एका लहान मुलाच्या तोंडून ‘फुटला!’ असे निघून जाते. आजी तत्काळ दुरुस्त करतात: ‘वाढवला म्हणावं.’ बांगडी तुटत नाही, ती वाढते. मंगळसूत्राचा दोरा तुटला तरी मंगळसूत्र वाढवले असेच म्हणतात. घरातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणारी ही भाषा आहे. मोडण्याची क्रिया सांगायला तिने नेमके वाढीचे क्रियापद पुढे केले, याला काही जण अंधश्रद्धा म्हणतील; मला तो सभ्यपणा वाटतो.

(दृश्य: भायखळ्याची भाजी मंडई. कांद्याचे ढीग.)

विक्रेता दोन कांदे तळहातावर ठेवतो. एक घट्ट आणि जड आहे, दुसरा मानेशी पोचट. ‘हा पोसला नाही,’ तो म्हणतो. संस्कृत ‘पुष्’ धातूपासून पोषण आले आणि पोसणेही आले. कांदा पोसतो, कणसातला दाणा पोसतो, एकटी कमावती बाई अख्खे घर पोसते, आणि कोणी पांढरा हत्ती पोसतो. पोसण्यात अन्न लागते. पाळण्यात त्याखेरीज शिस्त लागते, म्हणून आपण मांजर पाळतो तसे पथ्य पाळतो, वेळ पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. जोपासण्याला अन्नापेक्षा लक्ष अधिक लागते: छंद, मैत्री, गॅलरीतली जाई. वर्तमानपत्रांच्या भाषेत ‘हितसंबंध’ही जोपासले जातात, आणि तेही बहुधा इतक्याच मायेने.

(दृश्य: पाळणाघर. गालिच्यावर रांगणारी मुले.)

मुलांसाठी ‘संगोपन’ हा शब्द आहे. त्यातला ‘गुप्’ हा धातू वाढवण्याचा नव्हे, रक्षण करण्याचा आहे. मूल आपले आपण वाढते, मोठ्यांनी त्याला जपायचे असते, एवढे त्या शब्दात बसते. ‘संवर्धन’ हा मात्र वृध् धातूचा शब्द असूनही आता किल्ल्यांच्या आणि जुन्या वास्तूंच्या फलकांवर जाऊन बसला आहे, जिथे काहीच वाढवायचे नसते. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि ‘बालवाडी’ रुजवली. वाडी म्हणजे वसई-बोर्डीकडे केळी-नारळाची बाग. आज त्याच वयाची मुले ‘नर्सरी’त जातात, आणि रोपेही नर्सरीतूनच येतात.

(दृश्य: पदपथ, लोखंडी जाळ्या, त्यांतल्या दोन रिकाम्या.)

‘झाडे लावा, झाडे जगवा’ या घोषणेतले पहिले क्रियापद फलकांवर आकड्यासह येते, दुसऱ्याचा आकडा सहसा कुठे लिहिलेला नसतो.

(दृश्य: पुन्हा राणीची बाग, उन्हे वर आलेली.)

माळ्याने कुंड्या सावलीत ओळीने लावल्या आहेत. पाच-सहा दिवस त्या इथेच राहतील आणि मग थोड्या थोड्या उन्हात सरकवल्या जातील. एका रोपाला तो बांबूची काडी लावतो, सुतळीचा फास सैल ठेवतो, आणि खोड पुढे जाड होईल या हिशेबाने त्यात एक बोट घालून पाहतो. मग पुढची पिशवी उचलतो.